बारकीची सहावी बाटली

५ सप्टेंबर, गुरुवार. ढगाळ. पाणी सहा दहाला आले, सव्वासातला गेले. गुडघ्याला तेल लावले. बारकी सव्वादोनला परत आली, जेवली नाही. पाचवी बाटलीही नापास. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये लिहिले आहे: "आधीचे तीन नमुने खरोखर तिथेच तयार झाले होते का, याची खात्री करावी." बारकीने हे वाक्य मला तीन वेळा म्हणून दाखवले. पाच नंबरची सुई अजून सापडलेली नाही.

माझ्या वहीतली नोंद मी जशीच्या तशी उतरवली आहे. बारकीची हकिगत सांगायची तर ती याच दिवसापासून सांगावी लागेल.

बारकी माझी नणंद. पाच भावंडांत शेवटची आणि चणीनेही एवढीशी, म्हणून बारकी. तिचे खरे नाव तिच्या कॉलेजच्या हजेरीपटावर तेवढे शिल्लक आहे. चौतीस वर्षे ती एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक आहे, आणि येत्या तीस सप्टेंबरला निवृत्त होणार आहे. माझे हे गेल्यावर, नऊ वर्षांपूर्वी, ती आपल्या दोन पेट्या आणि एक तराजू घेऊन माझ्याकडे राहायला आली. तराजू कशाला, असे मी विचारले तेव्हा म्हणाली, "वहिनी, सवय."

आमचे दोघींचे जमते, कारण दोघींनाही चिठ्ठ्या चिकटवायची खोड आहे. आमच्याकडे मिठाच्या बरणीवरसुद्धा ती कधी उघडली त्याची तारीख असते. कपबशी ती तीनदा विसळते, वर उजेडात धरून बघते, आणि काचेला थेंब चिकटून राहिला तर चौथ्यांदा. तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, नेमका उलटा. जुने रेडिओ, ध्वनिवर्धक, कर्णे दुरुस्त करण्यात त्याने आयुष्य काढले, आणि त्याच्या खणांत काय आहे हे त्याला हात घालूनच कळायचे. एकेचाळीस वर्षे माझ्यासारखीशी संसार केला, पण एका पुडीवर दोन अक्षरे लिहिली नाहीत.

संध्याकाळी मी वही घेऊन बसते तेव्हा बारकी समोर बसून दिवसभराचे सांगते. मध्येच थांबून विचारते, "लिहिलंत का?" त्यामुळे माझ्या वह्यांत गेल्या नऊ वर्षांतले दूध, पाणी, आजारपण आणि लोखंडाचे ऑक्साइड असे सगळे एकत्र नांदते. मी कॉन्व्हेंटात शिकले. तिथल्या सिस्टरनी अक्षर, शिवण आणि खरे बोलणे एवढे पक्के करून घेतले. रसायनशास्त्राच्या वाटेला मी गेले नाही. तरी ऐकून ऐकून जे समजले ते असे.

बारकी लोखंडाचे दोन प्रकारचे क्षार पाण्यात विरघळवते, एकाच्या दुप्पट दुसरा. पाणी आधी उकळून घेते, त्यात नायट्रोजनचे बुडबुडे सोडते, म्हणजे हवा शिरत नाही. मग थेंब थेंब अमोनिया. पिवळट पाणी बघता बघता शाईसारखे काळे होते. त्या काळ्यात लोखंडाच्या ऑक्साइडचे कण असतात, एवढे बारीक की आठ हजार कण ओळीने मांडले तर जेमतेम एका केसाची जाडी भरेल. त्यांना नॅनोकण म्हणतात. मग त्या कणांवर एक पातळ लेप द्यायचा, म्हणजे ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि पाण्यात दिवसच्या दिवस तरंगत राहतात.

दोन वर्षांपूर्वी तिने मला ते दाखवले होते. जेवणाच्या टेबलावर बाटली ठेवली, बाहेरून चुंबक लावला. काळे पाणी काचेच्या त्या बाजूला धावले आणि उरलेली बाटली नितळ झाली.

"आता बघा हं," म्हणाली आणि चुंबक काढून बाटली जराशी हलवली. पुन्हा सगळे काळेभोर, एकसारखे.

"विसरले?" मी विचारले.

"तीच तर मजा आहे. मोठा तुकडा असता तर चुंबक काढल्यावरही चुंबकपणा धरून बसला असता. हे इतके लहान आहेत की लक्षातच ठेवू शकत नाहीत."

"तुझ्या दादासारखे."

"दादा तरी मोठा होता," ती म्हणाली. त्या दिवशी आम्ही खूप हसलो होतो.

अशा कणांचे पुष्कळ उपयोग आहेत. दूषित पाण्यातले विष ओढून काढता येते, आतल्या अवयवांचे चित्र जास्त स्पष्ट घेता येते, गाठीत घालून ती गाठ तापवण्याचेही प्रयोग चालले आहेत. बारकीचा उपयोग साधा होता. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रुग्णाच्या थुंकीतून जंतूंचा अंश वेगळा करायचा असतो. तो अंश या कणांना चिकटतो. नळीला बाहेरून चुंबक लावला की कण एका बाजूला, घाण पाणी ओतून द्यायचे, चुंबक काढायचा, हाती स्वच्छ अंश. हे कण तयार बाटल्यांमधून लांबून यायचे आणि कधी वेळेवर यायचे नाहीत. म्हणून ठरले की बारकीने सहा बाटल्या बनवून द्यायच्या, दर पंधरा दिवसांनी गुरुवारी एक. सहापैकी पाच उतरल्या तर दवाखाना कॉलेजकडूनच घेणार, आणि निवृत्तीनंतर बारकीने आठवड्यातून दोन दिवस जाऊन मुलींना ही रीत शिकवायची.

जुलैच्या दोन आणि आठ ऑगस्टची तिसरी, अशा तीन बाटल्या झकास उतरल्या. दवाखान्याच्या मॅडमनी "उत्तम" असा शेरा दिला. मी वहीत तो लाल शाईने लिहिला. बावीस ऑगस्टच्या चौथ्या बाटलीत गाळ निघाला. हलवला तर थोडा मिसळायचा, पण बारीक गुठळ्या राहायच्या. पाच सप्टेंबरच्या पाचव्या बाटलीतही तेच.

दोन नापास, म्हणजे करार बुडालाच. ते बारकीने गिळले असते. पण रजिस्टरमधल्या त्या वाक्याचा अर्थ सरळ होता: पहिल्या तीन बाटल्या विकतच्या असाव्यात, आणि बाईंनी आपल्या म्हणून खपवल्या.

"चौतीस वर्षं मी दुसऱ्याचा बीकर न विचारता उचलला नाही," ती म्हणाली. "आणि आता जाता जाता चोर?"

"चोर असं कुठे लिहिलंय?"

"वहिनी, तुम्ही कॉन्व्हेंटात शिकलात. 'खात्री करावी' म्हणजे काय ते तुम्हाला कळत नाही?"

कळत होते.

तिच्या विभागाचे सर तरुण आहेत, हुशार आहेत, आणि दिवसातून चार वेळा "बघू" म्हणतात. सहा तारखेला ते तिला म्हणाले, "मॅडम, कशाला त्रास करून घेता? हातांचंही वय होतं. थांबवू आपण हे."

"सहा बाटल्यांचं ठरलं होतं. सहावी मी देणार."

"पण आता तिचा उपयोग काय?"

"उपयोग माझा आहे," बारकी म्हणाली, आणि हे घरी येऊन मला वहीत लिहायला लावले.

पुढचे पंधरा दिवस घरात बसवत नव्हते. तिने पाणी बदलले. क्षारांची नवी बाटली फोडली, जुनी हवेने बिघडली असेल म्हणून. अमोनिया नवा आणला. लेपाचे प्रमाण वाढवले, मग कमी केले. ढवळायला सरांनी एक नवे यंत्र आणले होते, त्यात चुंबकाची कांडी भांड्याच्या तळाशी फिरते. बारकीने त्याला हातसुद्धा लावला नव्हता. "चुंबकाने चुंबकी कण ढवळायचे? म्हणजे दुधाची राखण मांजराकडे," म्हणायची. ती जुन्या पंख्याच्या ढवळणीनेच काम करायची. हे कण तयार होत असताना चुंबक म्हणून जे जे काही असेल ते खोलीबाहेर, असा तिचा कायदा. फळ्याचा चुंबकी डस्टर तिने विभागातून हद्दपार केला होता. स्वतःचा मोबाइलदेखील बाटली जवळ असताना बाळगत नसे, कारण त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो.

आणि सगळ्यात वैताग म्हणजे, प्रत्येक खेपेची अर्धी बाटली ती आपल्या कपाटात राखून ठेवायची, आणि त्या राखीव बाटल्या ठणठणीत होत्या! चौथी, पाचवी, कुठलीही बघा, काळेभोर पाणी, तळाला कणभर गाळ नाही.

"माझ्या कपाटात चांगली राहते आणि दवाखान्यात गेली की बसते. तिला काय दवाखान्याची भीती वाटते?"

"तुझ्यासारखीच," मी म्हटले. ती हसली नाही.

"मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, मग इथे आणता ती वेगळीच असेल. काय बोलणार यावर?"

अठरा तारखेला, बुधवारी संध्याकाळी तिने सहावी बाटली घरी आणली. दवाखाना आमच्या घराच्या बाजूला आहे आणि कॉलेज उलट दिशेला, म्हणून बाटली आदल्या संध्याकाळी घरी यायची आणि सकाळी इथूनच जायची. खिडकीशी धरून तिने ती मला दाखवली. निर्मळ काळी. मग तिने ती तिच्या पिशवीत उभी ठेवली, पिशवी टेबलावर ठेवली, आणि दिवा लावताना, भांडी घासताना, तिच्याकडे पाहत राहिली, तान्हे मूल झोपले असावे तशी.

सकाळी सातला मी पाणी भरत होते तेव्हा तिची हाक ऐकू आली. हाक कसली, किंकाळीच. बाटली तिच्या हातात होती. वरचा भाग फिकट चहासारखा, आणि तळाला काळा थर.

"एका रात्रीत! वहिनी, एका रात्रीत!"

तिने बाटली हलवली. गुठळ्या काचेला चिकटून खाली घसरल्या.

"नेऊ नकोस," मी म्हटले.

"नेणार. अकराची वेळ दिली आहे. नेली नाही तर म्हणतील घाबरली." ती केस विंचरत होती आणि कंगवा नुसताच फिरत होता. मग थांबून म्हणाली, "वहिनी, तुमच्या वहीत सगळं आहे ना? पहिल्या तीन वेळी मी काय केलं आणि नंतर काय बदललं, ते एकदा बघाल? माझं डोकं चालत नाहीये."

"बघते."

"एकेक ओळ बघा हं."

साडेनऊला ती गेली. मोबाइल टेबलावर ठेवून. चुंबक असतो ना त्यात.

मी मागची पाने सहसा वाचत नाही. हे म्हणायचे, "तू बँकेत नुसती भरतेस, काढत कधीच नाहीस." त्या दिवशी चष्मा पुसून जुलैपासून वाचायला बसले. पाणी, क्षार, अमोनिया, तापमान, सगळे तेच ते. आठ ऑगस्टला लिहिले होते: "तिसरी बाटली उत्तम. पण बसमध्ये पिशवी आडवी झाली, झाकणातून थोडे सांडले, बारकीचा कुडता डागाळला." हे वाचून मला बरे वाटले नाही, का ते कळले नाही. पाने उलटत गेले.

१६ ऑगस्ट, शुक्रवार. ऊन. बारकीच्या बाटलीसाठी जुन्या पांघरुणाची जाड पिशवी शिवली. उभी राहीना, म्हणून तळाला ह्यांच्या खणातले दोन काळे जड तुकडे, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेले होते तसेच, अस्तराखाली शिवले. आता पिशवी शिपायासारखी उभी राहते. टाके आतूनही दिसत नाहीत, सिस्टरना दाखवण्यासारखे. आज हात साथ देत नव्हते. सुई सारखी खाली ओढली जात होती. वय. पाच नंबरची सुई हरवली, जमीन दोनदा झाडली. बारकीला अनवाणी फिरू नको म्हणून सांगितले.

मी पुढचे पान वाचले. बावीस ऑगस्ट: "बारकी म्हणते पिशवी फार छान. बसच्या पत्र्यावर ठेवली की जागची हलत नाही."

त्यानंतर मी काहीच वाचले नाही. उठून ह्यांच्या कपाटाशी गेले. खणात तसलाच तिसरा तुकडा होता, जाड, काळा, भाजलेल्या विटेसारखा, कापडात गुंडाळलेला. दगडच वाटतो. मी कात्री त्याच्याजवळ नेली. हातातून सुटून ती त्याच्यावर आपटली.

बारकीच्या मोबाइलवर फोन लावला आणि मोबाइल माझ्याच समोर टेबलावर वाजायला लागला. एवढा संताप मला पुष्कळ वर्षांत आला नव्हता. कोणाचा, ते सांगता येणार नाही. ह्यांचा, की चिठ्ठी लावली नाही. माझा, की सुई ओढली जाते असे स्वच्छ अक्षरात लिहिले आणि एकदाही का म्हणून विचारले नाही. डॉक्टरला हात दाखवायला जाणार होते मी! आणि बारकीचासुद्धा, की जगातल्या प्रत्येक चुंबकावर संशय घेतला आणि वहिनीच्या पिशवीत एकदा बोट घालून पाहिले नाही.

कात्री पर्समध्ये टाकली. गुडघ्याला पट्टा बांधला. शेजारणीने टॅक्सी बोलावून दिली. दवाखान्यात पोचले तेव्हा बारा वाजून वीस मिनिटे झाली होती.

तिसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेबाहेर एक लांब बाक आहे. त्यावर बारकी बसली होती, मांडीवर पिशवी, दोन्ही हात पिशवीवर. मला पाहून उठली.

"वहिनी! गॅस चालू राहिला का?"

"पिशवी दे."

"झालं सगळं. नापास. आत त्या रजिस्टर लिहितायत. तुम्ही कशाला आलात, गुडघा..."

"बारके, पिशवी दे म्हणते ना."

मी बाटली बाहेर काढून पिशवी बाकावर उलटी केली आणि तळाचे अस्तर कात्रीने उसवायला लागले. माझेच टाके, इतके पक्के की कात्री धड शिरेना. मध्येच ती तळाला चिकटून बसली, आणि मी ओढली तर सगळी पिशवी वर आली. बारकी ते बघत होती. तिने माझ्या हातातून पिशवी घेतली, बाटली लांब बाकाच्या टोकाला नेऊन ठेवली, आणि उरलेले अस्तर हातांनीच टरकावले. दोन काळे तुकडे बाहेर आले.

"दादाचे," ती म्हणाली.

"हो."

"कर्ण्यातले."

"मला दगड वाटले. वजनासाठी."

तिने एक तुकडा उचलून हातात तोलला. मग म्हणाली, "रात्रभर. चौथी रात्रभर, पाचवी रात्रभर. क्षणभर चुंबक लावला तर कण पुन्हा मिसळतात, रात्रभर दाबून धरले की गुठळ्याच होतात. वर तान्ह्या मुलासारखी जपत होते मी, आणि खालून..." तिने तुकडा बाकावर आपटला. "एकदा विचारायचं होतंत मला, वहिनी. एकदा."

"तू तरी पिशवी पत्र्याला चिकटते ते पाहिलं होतंस की!"

"पाहिलं होतं!" ती ओरडली. वऱ्हांड्यातली दोन माणसे वळून बघायला लागली. "पाहिलं होतं आणि तुम्हाला कौतुकाने सांगितलं! चौतीस वर्षं या कामात काढली आणि मी कौतुकाने सांगितलं!"

आवाज ऐकून मॅडम बाहेर आल्या. चष्मा कपाळावर, हातात पेन. मी त्यांना सगळे सांगितले. तुकडा दाखवायला आत त्यांच्या टेबलाजवळ गेले तर टाचण्यांची डबी सरकत आली आणि उलटली. मॅडमनी आधी टाचण्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आजी, हे खरं असेल. पण रजिस्टरमध्ये लिहिलेलं मला खोडता येत नाही."

"खोडा कोण म्हणतंय? मीही खोडत नाही. त्याच्या खाली लिहा."

"काय लिहू? वहिनीने पिशवी शिवली, असं?"

"असंच लिहा. खरं आहे."

मॅडमना हसू आले असावे, पण त्यांनी ते दाबले. "माझ्यासमोर चांगली बाटली येऊ दे. मग बघते."

"साडेतीनपर्यंत थांबाल?" बारकीने विचारले.

"चारला मी जाते."

बारकी गेली. उसवलेली पिशवी आणि गाळ बसलेली बाटली माझ्याकडे ठेवून, रिकाम्या हातांनी. दोन बस बदलून कॉलेज, तिथून परत. मी बाकावर बसून राहिले. कोणीतरी पाणी दिले. एक वाजला, दोन वाजले. समोरच्या भिंतीवर "शांतता राखा" असे लिहिलेले आहे. त्यात तीनशे बारा फरशा आहेत. भिंतीत म्हणजे.

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी ती आली. घामाने डबडबलेली, रुमालात गुंडाळलेल्या तीन बाटल्या छातीशी धरून. चौथीची राखीव, पाचवीची राखीव, सहावीची राखीव. मला एक बाटली सुचली असती. तिला तीन सुचल्या.

आत काय केले ते मला दिसले नाही. दारातून तिची पाठ तेवढी दिसत होती, एवढीशी, ताठ. वीस मिनिटांनी मॅडमनी रजिस्टर ओढले आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हटले, "राखीव नमुने चार, पाच, सहा: योग्य. आणलेल्या बाटल्या वाहतुकीत चुंबकाच्या संपर्कात आल्याचे सांगितले जाते."

"सांगितले जाते म्हणजे?" बारकीने विचारले.

"मी प्रवासात नव्हते ना तुमच्याबरोबर."

"तुमच्या टाचण्या होत्या," मी दारातून म्हटले.

मॅडमनी पेन थांबवले. मग "जाते" च्या पुढे कंसात लिहिले, "चुंबक प्रत्यक्ष पाहिला."

"आणि ते पहिल्या तीन बाटल्यांबद्दलचं?" बारकी हलली नाही. "ते वाक्य?"

"ती शंका होती."

"शंकेच्या पुढे काय लिहितात?"

मॅडमनी रजिस्टर पुन्हा जवळ ओढले. मग मागचे पान काढून त्या वाक्याच्या पुढे, समासात, त्यांनी लिहिले: "शंका दूर झाली." खाली सही, तारीख. बारकीने वाकून ते वाचले. दोनदा. तारीख बरोबर आहे का तेही पाहिले.

मॅडमच्याच फोनवरून तिने सरांना कळवले. सरांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "अरे वा! चांगलं झालं, मॅडम. फक्त त्यांनी तयार बाटल्यांची मागणी सोमवारीच पाठवली म्हणे. आता वर्षभराचं नक्की झालं. बघू, पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी मी नाही," बारकी म्हणाली आणि फोन ठेवला.

घरी येताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. तुकडे माझ्या पर्समध्ये होते आणि पर्स समोरच्या दांड्याला चिकटू बघत होती, म्हणून ती मांडीवर घट्ट धरून बसले. आमच्या थांब्याच्या आधी दोन थांबे, तिने न वळता म्हटले, "तोही लोखंडाचा ऑक्साइडच आहे, वहिनी."

"कोण?"

"दादाचा चुंबक. त्यात आणखी एक धातू घालून भट्टीत भाजतात. मग तो विसरत नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "मला पहिला चुंबक दादानेच दाखवला होता. सहा वर्षांची होते. खिळे उचलून दाखवले होते."

"रागावलीस माझ्यावर?"

"हो," ती म्हणाली. "उद्यापर्यंत राहील. बहुतेक परवापर्यंत."

मी बरे म्हटले.

घरी आल्यावर तिने हातपाय धुतले, तिन्ही बाटल्या खिडकीत ओळीने मांडल्या आणि न जेवता आडवी झाली. मी पिशवी धुवायला घेतली. राहिलेले अस्तर काढताना बोटाला काहीतरी टोचले. मग वही काढली.

१९ सप्टेंबर, गुरुवार. ऊन. पाणी सहा पाचला आले, सातला गेले. बारकीच्या नमुन्यांवर "शंका दूर झाली" अशी नोंद. काम मात्र मिळाले नाही. तिन्ही काळे तुकडे ह्यांच्या खणात परत ठेवले, पुडीवर चिठ्ठी लावली: चुंबक, तीन. पाच नंबरची सुई सापडली.